राइट करण्याआधीच सॉफ्टवेअर पडतं तेव्हा

डिस्क राइट करणारं सॉफ्टवेअर मोठं फोल्डर उघडताक्षणी बंद पडलं, तर ते काढून परत टाकायला धावू नकोस, पोरी. कुणालाही विचारलंस तरी पहिला सल्ला तोच मिळेल, आणि त्यानं भागलं नाही की दुसरा सल्ला विंडोज फॉरमॅट मारायचा. बहुतेक वेळा परत टाकून काहीच बदलत नाही. फोल्डर तेच असतं, फाइली त्याच असतात आणि त्या फाइलींकडे बघणारी विंडोजमधली यंत्रणाही तीच असते. मग नव्यानं टाकलेलं सॉफ्टवेअरही त्याच फोल्डरपाशी पडतं, आणि गिऱ्हाइकाला लग्नाचा डेटा द्यायची तारीख मात्र जवळ आलेली असते.

आधी एवढंच ठरव: ते राइट करताना पडलं की बघताना पडलं? राइट करताना पडलं असेल, तर संशय कोरी डिस्क, राइटर, केबल, वेग, सी ड्राइव्हवरची रिकामी जागा यांच्यावर. बघताना पडलं असेल, तर राइटरचा लेझर अजून पेटलेलाही नाही. तेव्हा राइटर बदलून किंवा दुसऱ्या कंपनीच्या डिस्क आणून काही होणार नाही. तिथं दोष फाइलींचा, त्यांच्या नावांचा, हार्ड डिस्कचा, नाहीतर विंडोजमध्ये घुसलेल्या एखाद्या तिसऱ्याच प्रोग्रामचा असतो. हे दोन ढीग वेगळे केलेस की अर्धी धावपळ तिथंच वाचते.

आणखी एक. खिडकीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ दिसलं म्हणजे ते पडलं असं नाही. हजारो फाइलींचं फोल्डर जुन्या यूएसबी हार्ड डिस्कवर असेल, तर प्रत्येक फाइलचा आकार, तारीख आणि आयकॉन गोळा करायला सॉफ्टवेअरला वेळ लागतो आणि तेवढा वेळ ते तुला उत्तर देत नाही. टास्क मॅनेजर उघडून डिस्कचा रकाना बघ. तिथं काम चालू दिसत असेल तर थांब, माउस आपटत बसू नकोस. दर क्लिकनं त्याच्यापुढे आणखी काम साठतं. खिडकी आपोआप नाहीशी झाली, तर मात्र ते खरंच पडलं.

आता बघताना ते का पडतं, हे नीट समजून घे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. फोल्डर निवडायची जी खिडकी सॉफ्टवेअरमध्ये उघडते, ती बहुतेक वेळा त्या सॉफ्टवेअरची स्वतःची नसते. ती विंडोजची असते, आणि विंडोज तिच्यासोबत आपले मदतनीस घेऊन येतं. जेपेगचं छोटं चित्र दाखवणारा एक, रॉ फाइलमधून चित्र काढणारा दुसरा, व्हिडिओ किती मिनिटांचा आहे हे वाचणारा तिसरा. यातले काही विंडोजचे असतात, काही कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरनं आणलेले, काही कुठल्यातरी कोडेक पॅकनं. यातले बरेच त्या राइट करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटात शिरून काम करतात. त्यातला एक जरी कोसळला, तरी पूर्ण सॉफ्टवेअर घेऊनच कोसळतो. पडद्यावर नाव राइटिंग सॉफ्टवेअरचं येतं आणि बोल त्यालाच लागतो.

यातच आणखी एक गोम आहे. विंडोज ६४ बिटचं आणि राइटिंगचं सॉफ्टवेअर जुनं, ३२ बिटचं, अशी जोडी फार ठिकाणी असते. अशा वेळी विंडोजच्या नेहमीच्या खिडकीत ६४ बिटचे मदतनीस काम करतात आणि राइटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ३२ बिटचे. म्हणून तेच फोल्डर डेस्कटॉपवरून उघडलं की छान उघडतं आणि राइटिंगच्या सॉफ्टवेअरमधून उघडलं की सगळं बंद. ‘फोल्डर तर चांगलं आहे, म्हणजे सॉफ्टवेअरच वाईट,’ असा निकाल लोक इथंच देऊन टाकतात, आणि तो घाईचा असतो.

विंडोज एक्सपीच्या काळात ज्यांनी व्हिडिओ मिक्सिंगची कामं केली, त्यांना हे अंगवळणी पडलं होतं. अर्धवट कॅप्चर झालेली एखादी एव्हीआय फाइल फोल्डरात असली, की तिची लांबी-रुंदी वाचायला विंडोज तिच्यात डोकवायचं आणि एक्सप्लोररच गडगडायचा. फाइल पुसायला जावं तर ती आधीच वापरात आहे म्हणून पुसली जायची नाही. एसएचमीडिया नावाची डीएलएल त्याला कारण होती. ती रजिस्ट्रीतून काढली की फोल्डर सुरळीत उघडायचं, व्हिडिओची माहिती तेवढी दिसायची नाही. आज ती डीएलएल गेली, पण रीत तीच राहिली आहे: फाइल उघडण्याआधीच तिच्यात डोकावणं, आणि फाइल खराब असेल तर डोकावणाऱ्यानं कोसळणं.

कोण कोसळलं हे विंडोज लिहून ठेवतं, आणि ते वाचायचे कष्ट फार थोडे लोक घेतात याचं मला खरंच वाईट वाटतं. इव्हेंट व्ह्यूअर उघड. त्यात विंडोज लॉग्ज, त्याखाली ॲप्लिकेशन. पडल्याची वेळ आठवून त्या वेळेची लाल खुणेची नोंद शोध. ‘ॲप्लिकेशन एरर’, क्रमांक १००० असा असतो. नुसतं अडकून पडलं असेल तर ‘ॲप्लिकेशन हँग’, क्रमांक १००२. १००० च्या नोंदीत ‘फॉल्टिंग मॉड्यूल नेम’ अशी ओळ असते. तिथं राइटिंगच्या सॉफ्टवेअरचंच नाव असेल, तर दोष त्याचा असण्याची शक्यता मोठी. तिथं कोडेकचं, कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरचं किंवा अँटिव्हायरसचं नाव दिसलं, तर चोर सापडलाच म्हण. एनटीडीएलएल असं दिसलं तर मात्र त्यावर विसंबू नकोस. बिघाड कुणाचाही असला तरी तो वर येतो पुष्कळदा तिथंच. अशा वेळी तीन-चार नोंदी एकाशेजारी एक ठेवून बघ. दर वेळी तेच नाव येतं की वेगळं, यातून बरंच कळतं.

चोर कळला किंवा नाही कळला, तरी डोकावणं कमी करणं आपल्या हातात आहे. फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘व्ह्यू’खाली ‘ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स’ अशी खूण आहे, ती कर. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘कस्टमाइझ’खाली ते फोल्डर ‘पिक्चर्स’ किंवा ‘व्हिडिओज’ म्हणून लागलेलं असेल, तर ‘जनरल आयटम्स’ कर. यादीत लांबी, डायमेन्शन्स, कॅमेरा मॉडेल असे रकाने लावलेले असतील तर ते काढून टाक. तो प्रत्येक रकाना भरायला विंडोजला प्रत्येक फाइल आतून उघडावी लागते. नाव, तारीख, आकार एवढे रकाने आपल्या कामाला पुरतात.

एवढ्यानं भागलं नाही, तर नीरसॉफ्टचं ‘शेल-एक्स-व्ह्यू’ नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते हे सगळे मदतनीस एका यादीत दाखवतं. मायक्रोसॉफ्टचे सोडून बाकीचे सगळे एकदा बंद कर, कॉम्प्युटर रिस्टार्ट कर, फोल्डर उघडून बघ. उघडलं, तर एकेक परत चालू करत जा. फक्त हे ध्यानात ठेव की त्याची ६४ बिटची आवृत्ती एरवी ६४ बिटचेच मदतनीस दाखवते. राइटिंगचं सॉफ्टवेअर ३२ बिटचं असेल तर ३२ बिटच्या मदतनिसांची यादीही बघावी लागते. लोक पहिली यादी तपासतात, काही सापडत नाही म्हणून हात टेकतात, आणि चोर दुसऱ्या यादीत बसलेला असतो.

कोडेक पॅक मात्र आपल्या कामाच्या मशीनवर टाकूच नकोस. गिऱ्हाइकाच्या मोबाइलचा एखादा व्हिडिओ चालत नाही म्हणून कुणीतरी पन्नास कोडेकांचा गठ्ठा टाकतं आणि त्यातला एक सहा महिन्यांनी असा वर येतो. व्हीएलसी स्वतःचे कोडेक स्वतःच्या पोटात ठेवतो, विंडोजमध्ये घुसत नाही. बघण्यापुरतं तेवढं बास आहे.

आता समज, दोष मदतनिसाचा नाही, एका विशिष्ट फाइलचा आहे. सोळा हजार फाइलींतून ती शोधायची कशी? तांदळाची परात दोन ढिगांत वाटावी तसं फोल्डर वाट. निम्म्या फाइली दुसऱ्या रिकाम्या फोल्डरात हलव आणि दोन्ही फोल्डरं राइटिंगच्या सॉफ्टवेअरमधून उघडून बघ. जे पडलं त्याचे परत दोन भाग कर. सोळा हजारांतून एक फाइल हाती यायला असे चौदा घाव पुरतात. ऐकायला वेळखाऊ वाटतं, पण अंदाजानं इथं-तिथं हात मारण्यापेक्षा हे फार लवकर संपतं. दोन्ही निम्मे पडले तर खराब फाइली एकाहून जास्त आहेत, आणि दोन्ही निम्मे नीट उघडले तर दोष कुठल्याच फाइलचा नाही, त्यांच्या संख्येचा आहे.

संख्येचाही दोष असू शकतो. ३२ बिटच्या प्रोग्रामला साधारणपणे २ जीबीच मेमरी वापरता येते, मशीनमध्ये रॅम कितीही घाल. शिवाय चित्रं, फॉन्ट असल्या वस्तूंवर विंडोजनं एका प्रोग्रामला नेहमीच्या सेटिंगमध्ये १०,००० ची मर्यादा घातलेली आहे. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’ हा रकाना लावून ठेव आणि फोल्डर उघडताना त्या सॉफ्टवेअरपुढचा आकडा बघ. तो चढत चढत दहा हजारांजवळ गेला आणि खिडकी अर्धी काळी पडून बंद झाली, तर निदान झालं. मग हळद, मुहूर्त, रिसेप्शन, वरात अशी फोल्डरं वेगळी कर. गिऱ्हाइकालाही ते शोधायला सोपं जातं.

एका गोष्टीपुढे बाकी सगळं बाजूला ठेवायचं, ती म्हणजे हार्ड डिस्क खराब होत असल्याची शंका. फोल्डर उघडताना डिस्कचा टकटक आवाज येतो, एका ठरावीक फाइलपाशीच सगळं थांबतं, इव्हेंट व्ह्यूअरच्या ‘सिस्टिम’ लॉगमध्ये ‘डिस्क’ या नावाखाली क्रमांक ७ ची, बॅड ब्लॉकची नोंद दिसते. असं काही दिसलं की राइटिंग विसर. चेकडिस्कही लगेच चालवू नकोस, कारण मरत आलेल्या डिस्कला ते आणखी दमवतं. आधी डेटा दुसऱ्या डिस्कवर काढ. विंडोजमध्येच रोबोकॉपी आहे, ती वापर. फक्त तिला पुन्हापुन्हा प्रयत्न करण्याची मर्यादा एकावर आणून दे, नाहीतर ती एकाच खराब फाइलपाशी दहा लाख वेळा प्रयत्न करत राहील, तसं तिच्यात मुळातच लिहिलेलं आहे. जेवढ्या फाइली येतील तेवढ्या येऊ दे, न आलेल्यांची यादी तिच्या लॉगमधून काढ. त्या फोल्डरात कुणाचे तरी आजोबा शेवटचे हसलेले असतात. सॉफ्टवेअर उद्या दुरुस्त झालं तरी चालतं, ते फोटो आज वाचले पाहिजेत. याच कारणासाठी कॅमेऱ्याच्या कार्डावरून थेट डिस्क कधी राइट करू नकोस, आणि वेगळ्या कारणासाठी वनड्राइव्हसारख्या ठिकाणी ठेवलेल्या फोल्डरातूनही नको. तिथं पुष्कळ फाइलींचं नुसतं नाव मशीनवर असतं, फाइल असते इंटरनेटवर, आणि सॉफ्टवेअर तिला हात लावायला गेलं की डाउनलोडची वाट बघत बसतं.

नावांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपण मराठीत नावं देतो आणि परदेशी माहितीपत्रकांत याचा उल्लेख नसतो. डिस्कवर फाइली मांडायची मूळ पद्धत आयएसओ ९६६० ही. तिच्यात इंग्रजी मोठी अक्षरं, आकडे आणि खालची रेघ एवढंच चालतं. पहिल्या पातळीत नाव आठ अक्षरांचं, पुढं तीन अक्षरांचं शेपूट, आणि फोल्डरात फोल्डर आठ पातळ्यांपर्यंतच. दवाखान्यातून एमआरआयची सीडी मिळते तिच्यात फाइलींची नावं इतकी आखूड आणि शेपटाशिवाय का असतात, त्याचं मूळ याच नियमात आहे. देवनागरी नाव टिकायचं तर त्याच्यावर मायक्रोसॉफ्टची जोलिएट पद्धत किंवा यूडीएफ लागतं. जोलिएटमध्ये नाव ६४ अक्षरांपर्यंत चालतं, पण तिची अक्षरं मोजायची रीत आपली नव्हे. ‘ज्ञानेश्वरी’ आपल्या डोळ्याला चार अक्षरं; मशीन पाय मोडल्याची खूण, काना, मात्रा, वेलांटी सगळं सुटं मोजतं आणि त्याची अकरा होतात. ‘श्री’ची चार होतात. म्हणून ‘चि. अमुक आणि चि. सौ. कां. तमुक यांच्या शुभविवाहाचे मुहूर्ताचे फोटो’ असलं प्रेमानं दिलेलं नाव चौसष्टच्या पार जातं. मग कुठलं सॉफ्टवेअर ते मुकाट्यानं छाटतं, कुठलं दोन छाटलेली नावं सारखी झाली म्हणून अडतं, आणि कुठलं पडतं.

तसाच संपूर्ण पत्त्याचा हिशोब. ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंतची ओळ २६० अक्षरांच्या आत ठेव, ती विंडोजची जुनी मर्यादा आहे आणि जुनं सॉफ्टवेअर तिच्यापुढं जायला तयार नसतं. मराठी नावं सोडू नकोस. घरच्यांना फोल्डर वाचता आलं पाहिजे. ‘हळद’, ‘मुहूर्त’, ‘वरात’ एवढं पुरतं. वधूवरांची नावं आणि तारीख सगळ्यात वरच्या एकाच फोल्डरला दे.

हे सगळं माहीत असलं तरी रोज निदान करत बसायची वेळ येऊ नये, म्हणून कामाची रीतच अशी ठेव. डी ड्राइव्हच्या अगदी मुळाशी एक फोल्डर कर, नाव आखूड. जे डिस्कवर जायचं तेवढंच त्यात कॉपी कर. कॉपी होताना अडलेली फाइल तिथंच उघडी पडते, हा पहिला फायदा. मग त्या फोल्डराची आयएसओ इमेज बनव. इमेज बनवायला इमेजबर्न चांगलं आहे. त्याची २.५.८ ही आवृत्ती २०१३ ची, पण अजून काम देते, आणि त्यात ‘बिल्ड’मध्ये फोल्डर घातलं की फक्त फोल्डराचं नाव यादीत दिसतं, आतल्या फाइली पडद्यावर मांडल्या जात नाहीत. मोठ्या फोल्डरासाठी हे फार सोयीचं. टाकताना मात्र प्रत्येक पानावर थांबून वाच आणि सोबत येऊ पाहणाऱ्या इतर वस्तूंच्या खुणा काढ. दुसरं कुठलं सॉफ्टवेअर असेल, तर फोल्डर त्याच्या खिडकीतून उघडून आत शिरण्याऐवजी डेस्कटॉपवरून बंद फोल्डरच ओढून त्याच्यात सोड.

इमेज तयार झाली की हजारो फाइलींची एकच फाइल होते आणि राइट करताना कुणी कुठं डोकवायचा प्रश्नच उरत नाही. विंडोज ७ पासून पुढं तर आयएसओवर राइट क्लिक केलं की ‘बर्न डिस्क इमेज’ मिळतं, वेगळं सॉफ्टवेअरही नको. मात्र इमेज फॅट ३२ च्या पेनड्राइव्हवर किंवा ड्राइव्हवर ठेवायला जाऊ नकोस. तिथं ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि पूर्ण भरलेल्या डीव्हीडीची इमेज त्याहून मोठी असते. एकच व्हिडिओ ४ जीबीच्या वर असेल तर इमेज यूडीएफमध्ये कर. पाकिटावर ४.७ जीबी लिहिलेलं असतं ते हजाराच्या हिशोबानं, विंडोज १०२४ च्या हिशोबानं मोजतं, म्हणून तुला जागा दिसेल ४.३८ च्या आसपास. काठोकाठ भरू नकोस, थोडी मोकळी सोड.

राइटिंगचा वेग डिस्कवर छापलेल्याच्या निम्म्याला ठेव, आणि राइट झाल्यावर ‘व्हेरिफाय’ कधी वगळू नकोस. कागदी लेबल चिकटवायचं नाही, मार्करनं मधल्या भागात लिहायचं. बाकी त्यात सांगण्यासारखं काही नाही.

विंडोजच बिथरलेलं असेल आणि काम आजच द्यायचं असेल, तर लिनक्सचा एक पेनड्राइव्ह तयार करून ठेव. त्यावरून मशीन सुरू करायचं, के-थ्री-बी मधून डिस्क राइट करायची. विंडोजचे मदतनीस तिथं येतच नाहीत.

लग्नवाले आता पेनड्राइव्ह मागतात, हे खरं. पण पंचनाम्याच्या फोटोंचं काम आलं की डिस्क अजून लागते, कारण एकदाच लिहिता येणारी डिस्क राइट करून बंद केली की तिच्यावर नंतर कुणाला फेरफार करता येत नाही. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांच्या चित्रीकरणाच्या सीडी त्यात पुरावा होत्या, आणि अशा प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच, असं न्यायालयानं जुलै २०२० मध्ये सांगितलं. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलच्या आतल्या डेटावरून काढलेली तिची खूण, लिहायची जागाच आहे. म्हणून अशा कामात एकही फाइल ‘सॉफ्टवेअर पडत होतं’ म्हणून वगळायची नाही, तिचं नाव बदलायचं नाही, ती दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून परत सेव्ह करायची नाही. नाव बदलून हॅश बदलत नाही, पण कागदावरचं नाव आणि डिस्कवरचं नाव जुळत नाही. परत सेव्ह केली तर हॅशच बदलतो. फाइल उघडत नसेल तर ती आहे तशीच जाऊ दे आणि उघडत नाही हे काम देणाऱ्या साहेबांना लेखी दे.

व्हेरिफाय झालेली डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरवर, दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये लाव. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि खोट निघाली तर पुष्कळदा बाहेरच्या कडेला निघते, म्हणून शेवटच्या फोल्डरातल्या शेवटच्या दोन-तीन फाइली उघडून बघ, मग पाकिटात घाल. इमेज हिशोब मिटेपर्यंत हार्ड डिस्कवर राहू दे. गिऱ्हाईक डिस्क हरवून परत आलं, तर फोल्डराला हात न लावता तुला दुसरी डिस्क राइट करून देता येईल.